फोन एकाचा, बोट दुसऱ्याचं

‘स्क्रीनवरचे सवाल’ या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची पत्रं बरीच आहेत. मी बेळगावच्या टिळकवाडीत राहून ॲप आणि वेबसाइटच्या डिझाइनचं काम करते, म्हणून हा अंक आपल्या सीमाभागालाच दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. आहे. आता पुण्याच्या एका कंपनीत ‘यूएक्स डिझायनर’ म्हणून लागली. पाहुण्यांनी विचारलं की मी ‘कॉम्प्युटरवर चित्रं काढते’ असं सांगतो आणि ती चिडते. ती नेमकं करते तरी काय? — एक वडील, निपाणी

तिचं चिडणं रास्त आहे. यूएक्स म्हणजे ‘युझर एक्स्पिरियन्स’, वापरणाऱ्याला येणारा अनुभव. चित्र हा तिच्या कामाचा अगदी शेवटचा तुकडा. त्याच्या आधी जे होतं ते एका उदाहरणानं सांगते.

एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी ॲप तयार झालं होतं. पिग्मी आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं कर्नाटकात दोन आण्यांपासून ही रोजची बचत सुरू केली आणि आज बेळगावच्या प्रत्येक बाजारात सकाळ-संध्याकाळ एजंट फिरताना दिसतो. ॲपची रीत अशी : खातं क्रमांक घाला, नाव दिसेल, रक्कम घाला, पावतीचा मेसेज जाईल. ऑफिसच्या टेबलावर ते झकास चालायचं. एजंट मात्र दिवसभर वहीत लिहायचे आणि रात्री घरी बसून ॲपमध्ये उतरवायचे. संस्थेचं म्हणणं, ‘ही माणसं शिकायलाच तयार नाहीत.’

आम्ही एजंटांबरोबर गणपत गल्लीतून फिरलो. तिथं दिसलं ते असं. एजंटाला कुणाचाच खातं क्रमांक पाठ नसतो. त्याला दुकानांची रांग पाठ असते. आधी बांगडीवाले, मग भांडीवाले, मग कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशी. एका हातात पैशांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, म्हणजे मोकळा असतो तो फक्त अंगठा. दुपारच्या उन्हात फिकट करडे आकडे दिसत नाहीत. आणि दुकानदार गिऱ्हाईक सोडून थांबत नाही. नोट पुढं करतो आणि पाठ फिरवतो. एवढ्या वेळात नऊ आकडी खातं क्रमांक कोण दाबत बसणार?

मग यादी फिरण्याच्या रांगेनं लावली. नोंदीचं बटण मोठं केलं आणि खाली आणलं, अंगठा पोचेल तिथं. यामागे जुनं शास्त्र आहे : १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं मांडलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हात पोचायला वेळ जास्त. रेंज गेली तरी नोंद फोनमध्ये राहील आणि नंतर आपोआप पुढं जाईल अशी सोय केली. कालचीच रक्कम आज आपोआप भरून यावी का, यावर मात्र बराच वाद झाला. वेळ वाचला असता. पण पैशाच्या बाबतीत न पाहता दाबलेलं बटण म्हणजे चुकीची पावती, आणि चुकीच्या पावतीनं एजंटाची वर्षानुवर्षांची पत जाते. म्हणून कालची रक्कम बाजूला दाखवली, ती निवडायची की नाही हे एजंटावर ठेवलं.

यानंतर येतात ती तुम्ही म्हणता ती चित्रं. तीही आधी कागदावर. तो कागद एजंटाच्या हातात द्यायचा, ‘आता पैसे भरून दाखवा’ म्हणायचं आणि स्वतः गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड, कारण समोरचा अडला की सांगायला जीभ शिवशिवते. याकोब निल्सन या तज्ज्ञाचं २००० सालचं गणित या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतं : पाच जणांना वापरून पाहायला दिलं की सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पण त्यातली अट बरेच जण विसरतात. ते पाच जण एकाच प्रकारचे वापरकर्ते असावे लागतात. आपल्याकडे मराठीत वाचणारे, कन्नडमध्ये वाचणारे, वाचता न येणारे असे गट निराळे आहेत. प्रत्येक गटाकडे वेगळं जावं लागतं.

‘युझर एक्स्पिरियन्स’ हे शब्द स्वतःच्या पदनामात पहिल्यांदा लावले ते डॉन नॉर्मन यांनी, १९९३ मध्ये ॲपल कंपनीत जाताना. ते चित्रकार नव्हते. इंजिनिअरिंग शिकून मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला तो माणूस. तेव्हा बी.कॉम. असणं यात कुठंच आड येत नाही. खतावणी कशी चालते हे जिला माहीत आहे, ती हिशेबाच्या ॲपमध्ये इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी पाहील. पाहुण्यांना सांगा, ‘लोक फोनपुढं कुठं अडतात ते शोधते आणि अडू नयेत अशी मांडणी करते.’

प्रश्न : खडेबाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे. वेबसाइट नवी करायची आहे. पुतण्या म्हणतो, आता सगळं काचेसारखं आरपार दिसायला हवं, तोच ट्रेंड आहे. खर्च करू का? — एक व्यापारी, बेळगाव

पुतण्याची माहिती बरोबर आहे. जून २०२५ मध्ये ॲपलनं ‘लिक्विड ग्लास’ नावाची मांडणी जाहीर केली आणि त्याच वर्षी ती आयफोनवर आली. बटणं आणि पट्ट्या काचेच्या, मागचं सगळं त्यातून झिरपतं. पण लगेच तक्रारी सुरू झाल्या की अक्षरं वाचता येत नाहीत, आणि काही महिन्यांतच काच कमी आरपार करण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागला. काचेची हौस नवीही नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा अशाच काचेच्या चौकटी घेऊन आलं होतं. २०१३ च्या आयफोनमध्ये सगळं सपाट झालं, पुढच्या वर्षी गूगलनं कागदासारखे थर आणले, २०१९ मध्ये काळ्या पार्श्वभूमीचा डार्क मोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे आला. आता गूगल पुन्हा मोठी बटणं आणि ठळक रंगांकडे वळलं आहे. म्हणजे आज काचेवर केलेला खर्च फार दिवस ‘नवा’ राहणार नाही.

तुमच्या दुकानाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे : काच नको. इरकलीचा काठ जांभळा की वांगी, हे गिऱ्हाइकाला फोटोत कळलं पाहिजे. त्या फोटोवर आरपार पट्टी आणि पट्टीवर पांढरी किंमत लिहिली, तर ना काठ दिसेल ना किंमत. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे जागतिक निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक किमान ४.५ : १ असावा असं म्हटलं आहे. तपासायची साधनं फुकट मिळतात. पुतण्याला सांगा, प्रत्येक पानावर हा आकडा मोजून दाखव.

देवनागरीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथं बहुतेक डिझायनर हात आखडता घेतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठरवलेलं दोन ओळींतलं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. अंतर वाढवायला हवं, अक्षर थोडं मोठं हवं, आणि बारीक वजनाचा फाँट उन्हात पुसट होतो म्हणून जरा जाड घ्यायला हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट मोफत आहेत, आणि ‘बालू’ला कन्नडमध्येही जुळा भाऊ आहे, त्यामुळे दोन्ही लिपींतलं दुकानाचं नाव एकाच वळणाचं दिसेल. अजून एक : पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहायला लावा. काही फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आत दडलेले असतात, ते त्या एका ओळीनं बाहेर येतात. शिवाय दृष्टिहीन गिऱ्हाइकाचा फोन ते पान मराठी उच्चारांत वाचतो.

पैसे खर्च करायचेच तर चांगल्या उजेडात काढलेल्या फोटोंवर करा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. पेन्शन बँकेत येते. बँकेचं ॲप फोनवर आहे, पण चालवतो नातू. त्याला पिन सांगतो, ओटीपी सांगतो. तो गावाला गेला की माझे व्यवहार बंद. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला हे जमू नये? — एक गुरुजी, शहापूर

गुरुजी, दोष तुमचा नाही. नॉर्मन यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की माणूस पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी चुकत असेल तर वस्तूची रचना चुकली आहे. ओढायच्या जागी ढकलायला लावणारी दारं त्यांच्याच नावानं ओळखली जातात.

तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती माझ्या व्यवसायात पुरेशी बोलली जात नाही. ॲप बनवताना आम्ही मनात एक चित्र धरतो : एक माणूस, त्याचा एक फोन, त्याचं स्वतःचं बोट. आपल्या भागात फिरा, काय दिसतं? कर्नाटक सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे पैसे आले का हे बाईच्या फोनवर शेजारची कॉलेजातली मुलगी बघून सांगते. ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रात उताऱ्याचा अर्ज ऑपरेटर भरतो आणि शेतकरी काउंटरच्या अलीकडे उभा राहून मान हलवतो. मेसेज येतो इंग्रजीत, तो वाचतो दुकानातला पोरगा. फोन एकाचा, बोट दुसऱ्याचं. हा काही अपवाद नाही, इथली रोजची रीत आहे. आणि तरी स्क्रीनची मांडणी अशी की सगळं बोटवाल्याला दिसतं. ज्याचे पैसे आहेत त्याच्यासाठी काहीच नाही. मग विश्वास ठेवण्यावाचून त्याच्यापुढं मार्ग उरत नाही, आणि याच फटीतून फसवणूक आत शिरते.

मला वाटतं, चांगल्या डिझाइननं या दोघांनाही वापरकर्ता मानलं पाहिजे. काय होऊ शकतं ते सांगते. रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव मराठीत मोठ्यानं वाचून दाखवता येतं. दुकानातला साउंडबॉक्स ‘पैसे मिळाले’ म्हणतोच की, तसं पैसे देणाऱ्यालाही आधी ऐकू यावं. शेवटच्या मंजुरीचा स्क्रीन वेगळा, मोठ्या अक्षरांचा ठेवता येतो, म्हणजे फोन तुमच्या हातात देऊन ‘एवढं बघा आणि दाबा’ म्हणता येईल. ओटीपीची वेळ वाढवून मागण्याची सोय देता येते.

यातलं एक प्रत्यक्षात आलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ सुरू झालं. त्यात खातं तुमचं राहतं आणि नातवाला दुय्यम वापरकर्ता म्हणून जोडता येतं. दोन प्रकार आहेत. पहिल्यात महिन्याला १५ हजार आणि एका वेळी ५ हजारांपर्यंतची मुभा, तीही तुम्ही ठरवाल तेवढीच. दुसऱ्यात नातू व्यवहार सुरू करतो, तो तुमच्या फोनवर येतो आणि तुमचा पिन तुम्ही घातल्यावरच पैसे जातात. तुम्ही दुसरा निवडा. पिन कुणाला सांगायची गरज संपते आणि नातू गावाला गेला तरी तो तिथून मदत करू शकतो. भीम ॲपमध्ये ही सोय आहे. आधी सध्याचा पिन बदलून घ्या.

नातवाला आणखी एक काम सांगा. फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली अक्षरांचा आकार आणि सगळ्या गोष्टींचा आकार असे दोन वेगळे पर्याय असतात. दोन्ही वाढवून घ्या. त्यानंतर बँकेच्या ॲपमध्ये बटणं एकमेकांवर चढली किंवा शब्द अर्धे कापले गेले, तर त्याचा फोटो काढून बँकेला तक्रार पाठवा. तुमच्यासारख्या शिक्षकानं नीट शब्दांत लिहिलेली तक्रार आमच्यासारख्यांच्या टेबलावर पोचते आणि तिचा उपयोग होतो, हे मी माझ्या कामात पाहिलेलं आहे.

प्रश्न : आमच्या गावात मराठीच बोलतात. ॲप उघडलं की ते ठिकाण बघून आपोआप कन्नड सुरू होतं. सासर चंदगडला, तिथं गेलं की मराठी. भाषा निवडायचं बटण सापडत नाही. हा डिझाइनचा विषय आहे का? — एक शिक्षिका, खानापूर तालुका

हो, आणि मोठा विषय आहे. ठिकाणावरून भाषा ओळखणं ही सोय वाटते, पण ती अंदाज असते. सीमेवर तो अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो : इथं मराठी वाचणाऱ्याचा, आणि पलीकडे कोल्हापूर-सोलापूरकडच्या कन्नड वाचणाऱ्याचाही. भाषा पहिल्याच स्क्रीनवर विचारावी, प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहावं, आणि नंतर बदलायचं बटण सगळ्या पानांवर एकाच जागी असावं. कन्नड न वाचणाऱ्याला कन्नडमध्ये लिहिलेल्या सेटिंगच्या आत जाऊन मराठी शोधायला लावणं हा निव्वळ अविचार आहे.

कायद्यानंही एक दार उघडलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असं आहे की तुमची माहिती वापरण्याची संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यात आहे, आणि ही तरतूद राज्याच्या सीमेला बांधलेली नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमतीपुरतं का होईना, मराठी द्यावंच लागेल. एकदा तेवढं भाषांतर झालं की बाकीच्या पानांसाठी मागणी करणं सोपं जातं, म्हणून आतापासूनच लिहायला लागा.

नावांचंही असंच. १ नोव्हेंबर २०१४ ला ‘बेळगाव’चं अधिकृत नाव ‘बेळगावी’ झालं, पण कित्येक अर्जांच्या याद्यांत अजून जुनं इंग्रजी नाव आहे. नवं नाव टाइप केलं की ‘सापडलं नाही’. शोधात दोन्ही नावं चालली पाहिजेत. प्रोग्रामरसाठी हे अर्ध्या दिवसाचंही काम नाही.

प्रश्न : ऑनलाइन तिकीट काढताना विम्याची खूण आधीच केलेली होती. पैसे गेले. हे चालतं का? — एक वाचक, हिंडलगा

चालत नाही. अशा फसव्या मांडणीला २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं ‘डार्क पॅटर्न’ म्हटलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यांचे १३ प्रकार मार्गदर्शक सूचनांत नोंदवून त्यांवर बंदी घातली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा त्यांतलाच एक. पावतीचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. माझ्या व्यवसायातल्या कुणीतरी ती खूण मुद्दाम तिथं ठेवली, याचा मला संताप येतो.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यूएक्समध्ये यायचं आहे, पण सीनियर म्हणतात एआयनं सगळं संपवलं. पोर्टफोलिओत काय ठेवू? — एक विद्यार्थी, उद्यमबाग

स्क्रीन काढणं स्वस्त झालं, हे खरं. २०२५ मध्ये फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीनं आणि गूगलनंही अशी साधनं आणली की दोन वाक्यं लिहिली की चालता नमुना तयार. त्यामुळे ‘मी जेवण मागवायचं ॲप पुन्हा सुंदर केलं’ असे पोर्टफोलिओ आता कुणी उघडून बघत नाही. मुलाखत घेताना मी तरी ते बाजूलाच ठेवते.

तू उद्यमबागेत आहेस, म्हणजे फाउंड्र्या आणि मशीन शॉप तुझ्या दारात आहेत. एखाद्या वर्कशॉपमध्ये परवानगी घेऊन जा. सीएनसी मशीनच्या पॅनलवर कामगारानं मार्करनं काय लिहून ठेवलंय ते बघ, कुठल्या बटणावर टेप चिकटवली आहे ते बघ. प्रत्येक खूण म्हणजे त्या पॅनलमध्ये राहिलेली उणीव आहे. पाळी बदलताना एक कामगार दुसऱ्याला कुठल्या भाषेत काय सांगतो ते ऐक. ते टिपून, त्यातला एकच अडथळा घेऊन, त्यावर नमुना कर. नमुना एआयकडून करून घेतलास तरी माझी हरकत नाही. मग त्याच कामगारांना दाखव आणि कुठं फसला तेही लिही. असा एक प्रकल्प दहा चकचकीत स्क्रीनपेक्षा जड जातो. कामगारांचे चेहरे आणि नावं मात्र त्यांना विचारल्याशिवाय टाकू नकोस.

पुढं शिकायचं असेल तर आयआयटी मुंबई घेते ती सीड (CEED) ही डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा दे. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा डिप्लोमा लागतो, वयाची अट नाही. आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग १९६९ पासूनचा आहे आणि तिथं इंटरॅक्शन डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी असते. फिग्मा विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, तेवढ्यासाठी क्लासला हजारो रुपये भरू नकोस.

प्रश्न : बऱ्याच ॲपमध्ये कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात. त्या कशाला? — एक आजी, संकेश्वर

आजी, ती आतल्या यादीची खूण आहे. १९८१ च्या झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स यांनी ती काढली. तीन रेघा म्हणजे यादीतल्या तीन ओळी. सांगितल्याशिवाय ती कळत नाही हे तुमचं बरोबर आहे, म्हणून मी माझ्या कामात तिच्याखाली ‘यादी’ असं लिहायला लावते. ती दाबली म्हणून काही बिघडत नाही आणि पैसे जात नाहीत. दाबा, आत भाषेचा पर्याय आहे का बघा, आणि नको असेल तर फोनचं मागे जायचं बटण दाबून परत या.